गाण्याच्या बाजारातला नवखा

वसंत ऋतूतील व्याख्यानांत इतिहासाचा विषय निघाला, की आपल्या भागात दोन ठिकाणांकडे सहज बोट जाते. शहापूरकरांना माहुलीचा किल्ला आठवतो. मुरबाडकरांना सिद्धगड आठवतो; तेथे २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना वीरमरण आले. हा इतिहास थोर आहे, आणि तो वेळोवेळी सांगितलाही गेला आहे. आज आम्ही जो विषय घेत आहोत तो त्या मानाने हलका वाटण्याचा संभव आहे. गाण्याच्या बाजारात ज्याला कोणी ओळखत नाही असा माणूस शिरतो कसा, आणि शिरल्यावर त्याचे होते काय, हा तो विषय होय.

विषय सुचण्याचे कारण घराघरांत आहे. आसनगावहून लोकलने कल्याण-ठाण्याला जाणारा मुलगा कानात यंत्र घालून काहीतरी पुटपुटत असतो. विचारले तर सांगतो, ‘रॅप लिहितोय.’ वडील माणसांना ते गाणे वाटत नाही. सूर नाही, आलाप नाही, नुसते ठेक्यावर भराभर बोलणे. शिवाय पुढचा प्रश्न असतोच : ‘आपल्यातला कोणी गेलाय का त्या धंद्यात? कोण घेणार तुला?’ हा प्रश्न प्रेमापोटी विचारलेला असतो, आणि तो अगदीच चुकीचा आहे असेही नाही. परंतु तो नवा मात्र नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातल्या एका कुलकर्ण्याच्या घरात तो याहून तिखट शब्दांत विचारला गेला असला पाहिजे.

श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी हे त्या माणसाचे नाव. जन्म १८६६ चा, गाव वाळवे तालुक्यातील हरणाक्ष रेठरे. घरी कुलकर्णाचे वतन होते. हा माणूस तमाशाच्या नादी लागला. त्या काळी तमाशा ही महार-मांग मंडळींची कला आणि तीच त्यांची पोटाची सोय. ब्राह्मणाने फडात उभे राहणे म्हणजे जातीला मुकणे. श्रीधरपंतांनी वतन सोडले, जातीचा बहिष्कार पत्करला, आणि ते पठ्ठे बापूराव झाले. संगमनेराकडच्या हिवरगावची पवळा त्यांच्या फडात आली, आणि मुंबईच्या थिएटरांत त्या दोघांनी काय गर्दी खेचली याच्या आठवणी लोकांनी पुढे कितीतरी वर्षे सांगितल्या.

पठ्ठे बापूरावांची कथा आपण नवलाने ऐकतो. तिच्यात एक गोम आहे, तीही पाहिली पाहिजे. बापूराव ज्यांच्यात जाऊन बसले, ज्यांची ढोलकी आणि ज्यांच्या चाली त्यांनी आत्मसात केल्या, त्या बहुतेक कलावंतांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. वरून खाली आलेल्या नवख्याची कथा झाली. खालून वर येऊ पाहणाऱ्याची झाली नाही. पवळेचे नाव राहिले ते तिच्या असामान्य गुणांमुळे. आणि खुद्द बापूरावांचे तरी काय झाले? १९४५ साली ते वारले. अखेरचे दिवस हलाखीत गेले. १९५० साली त्यांच्या जीवनावर बोलपट निघाला. लोकांनी पैसे देऊन तो पाहिला, तेव्हा त्यातला एक पैसाही घ्यायला बापूराव नव्हते.

मात्र एक गोष्ट त्यांच्यापाशी होती. लावणीच्या शेवटी ते आपले नाव गुंफीत. आपल्याकडची ही फार जुनी रीत आहे. अभंगाच्या अखेरीस ‘तुका म्हणे’ येते, ‘नामा म्हणे’ येते. शाहीरही पोवाड्याच्या शेवटी आपले व आपल्या गुरूचे नाव घालतो. हिला नाममुद्रा म्हणतात. ज्या काळी छापखाना नव्हता, कायदा नव्हता, त्या काळी आपल्या गाण्यावर आपला हक्क सांगण्याचा हाच एक उपाय होता. नवख्याच्या इतिहासाकडे आम्ही या नाममुद्रेच्या बाजूने पाहणार आहोत.

१९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायस्बर्ग नावाचा माणूस आवाज उतरवून घेण्याचे यंत्र घेऊन कलकत्त्यात आला. मानमरातब असलेल्या कित्येक गवयांना हे यंत्र म्हणजे थोतांड वाटले. तीन मिनिटांत राग कसा मांडायचा? आणि आपला आवाज कोणाच्याही दिवाणखान्यात, कोणाच्याही पैशाने वाजावा, हेही त्यांना रुचेना. पुढे आल्या त्या बैठकीत गाणाऱ्या बाया, ज्यांना समाजात मान नव्हता. त्यांत गौहर जान होती. तीन मिनिटांत चीज बसवायची कशी हे तिने चटकन ओळखले, आणि तबकडीच्या शेवटी इंग्रजीत आपले नाव मोठ्याने सांगितले. कारण व्यवहारी होते : तबकड्या तयार होत जर्मनीत हॅनोव्हरला, आणि तेथील कारागिरांना गाणारी कोण हे कळावे म्हणून नाव सांगायचे. पण त्या कारागिरांसाठी उच्चारलेले नाव देशभर पोचले. यंत्राच्या युगातली ही नाममुद्राच म्हणावयाची.

येथे एक नियम हाती लागतो. जुना बाजार नवख्याला आपण होऊन दार उघडत नाही. नवे साधन येते, जुने मानकरी त्याला नाक मुरडतात, आणि तेवढ्या वेळात ज्याला गमावण्यासारखे थोडे आहे तो आत शिरतो. १९८० च्या दशकात कॅसेट आली तेव्हा हेच झाले. तोवर तबकडीचा धंदा जवळजवळ एकाच मोठ्या कंपनीच्या हाती होता. दिल्लीच्या दर्यागंजात फळांच्या रसाचे दुकान चालवणाऱ्या घरातल्या गुलशनकुमारांनी स्वस्त कॅसेटी काढल्या आणि त्या धंद्याचे रूप पालटले. आपल्याकडे प्रल्हाद शिंदे (१९३३–२००४) यांचा पहाडी आवाज, त्यांची भक्तिगीते आणि भीमगीते कॅसेटीने वाडीवस्तीपर्यंत नेली. त्यांचे पुत्र आनंद शिंदे यांची लोकगीते तर लग्नाच्या प्रत्येक वरातीत वाजली. कोळीगीतांनाही कॅसेटीनेच बंदरातून उचलून डोंगराच्या पायथ्याशी आणले.

आता रॅपकडे वळू. त्याचे जन्मस्थळ न्यूयॉर्क शहराचा ब्रॉन्क्स नावाचा गरीब भाग. ११ ऑगस्ट १९७३ रोजी तेथल्या एका चाळीवजा इमारतीत सिंडी कॅम्बेल या मुलीने शाळा सुरू होण्यापूर्वी नाचगाण्याची संध्याकाळ ठेवली होती. हेतू एवढाच, की तिकिटाच्या पैशांतून नवे कपडे घ्यावेत. तबकड्या वाजवायला तिचा भाऊ क्लाइव्ह होता. हे कुटुंब जमेकाहून आलेले. क्लाइव्हने दोन तबकड्या घेऊन गाण्यातला नुसता ठेक्याचा तुकडा पुनःपुन्हा वाजवला, म्हणजे नाचणाऱ्यांना थांबावे लागू नये. त्या ठेक्यावर कोणी यमके जुळवून बोलू लागले; तेच रॅप. हातात वाद्य नाही, वाद्य शिकवायला गुरू नाही, म्हणून शब्दांचीच ढोलकी केली.

सहा वर्षांनी, १९७९ साली, सिल्विया रॉबिन्सन या बाईंनी रॅपची तबकडी काढावयाचे ठरवले, तेव्हा त्यांना हवे असलेले तीन तरुण त्यांनी न्यू जर्सीतच शोधले. त्यांतला एक, हेन्री जॅक्सन, पिझ्झाच्या दुकानात काम करी. तो रॅप करणारा नव्हताच. ब्रॉन्क्समधल्या ग्रँडमास्टर कॅझ या तरुणाच्या कार्यक्रमांची व्यवस्था तो पाहत असे. त्याने कॅझकडून त्याची यमकांची वही मागून घेतली आणि त्यातल्या ओळी तबकडीत म्हटल्या. ती तबकडी अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या चाळिसांत आली, आणि रॅप हा धंदा होऊ शकतो हे जगाला प्रथम कळले.

या प्रसंगातली मेख अशी, की कॅझने त्या ओळींत आपल्या टोपणनावाची अक्षरे एकेक करून गुंफली होती. जॅक्सनने तीही तशीच म्हटली! म्हणजे गाण्यात नाममुद्रा कॅझची, आवाज जॅक्सनचा, आणि गाण्याच्या श्रेयात कॅझचे नाव नाही. उलट त्याच तबकडीत ज्यांच्या गाण्याचा ठेका घेतला होता त्या दोघा संगीतकारांनी दाव्याची धमकी देताच त्यांची नावे गीतकारांत घातली गेली. त्यांच्यापाशी कागद होते. कॅझपाशी वही होती, आणि तीही त्याने विश्वासाने दिली होती. तुकोबांच्या काळी नाममुद्रा पुरत असे; बाजारात ती पुरत नाही, हा १९७९ सालचा धडा आहे.

मुंबईत या कलेला खरे बळ आले ते २०१४ नंतर. त्या वर्षी कुर्ल्याचा नावेद शेख, ज्याला लोक नेझी म्हणून ओळखतात, याने वडिलांनी आणून दिलेल्या आयपॅडवरच आपले गाणे ध्वनिमुद्रित केले, त्यावरच चित्रण केले आणि ते लोकांपुढे ठेवले. स्टुडिओ नाही, कंपनी नाही. पुढच्याच वर्षी अंधेरीचा विव्हियन फर्नांडिस, म्हणजे डिव्हाइन, याच्याबरोबर त्याचे गाणे गाजले, आणि २०१९ च्या फेब्रुवारीत त्यांच्या आयुष्यांवरून सुचलेला ‘गली बॉय’ हा चित्रपट आला. पुण्याच्या वस्तीतला अल्ताफ शेख एमसी स्टॅन या नावाने गाऊ लागला आणि २०२३ साली दूरचित्रवाणीवरच्या ‘बिग बॉस’ स्पर्धेचा विजेता ठरला. त्याच वर्षी अमरावतीच्या सौरभ अभ्यंकर याने रॅपच्या देशव्यापी स्पर्धेत आपली मराठी बोली ठणकावून ऐकवली. यांतल्या कोणालाही आधी कोणी बोलावले नव्हते.

परंतु आपल्या भागाच्या दृष्टीने सर्वांत जवळचे उदाहरण यांपैकी कोणाचे नाही. ते आहे प्रकाश भोईर यांचे. मुंबईत गोरेगावजवळ आरेचे जंगल आहे आणि त्यात आदिवासी पाडे आहेत. त्यांपैकी केलटीपाड्याचे भोईर हे आदिवासी समाजाचे कार्यकर्ते. मेट्रोच्या गाड्यांसाठी आरेतली झाडे तोडण्याचा बेत झाला तेव्हा ते विरोधात उभे राहिले. मुंबईत ‘स्वदेसी’ नावाचा रॅप करणाऱ्या तरुणांचा एक गट आहे; तो मराठीसह अनेक भाषांत गातो. २०१९ साली या गटाने ‘द वारली रिव्होल्ट’ हे गाणे काढले, आणि त्यात भोईर यांचा आवाज घेतला. संसारी माणूस, चळवळीतला कार्यकर्ता, जंगलातल्या पाड्यावर राहणारा : रॅपच्या धंद्यात याहून अनपेक्षित नवखा कोण असणार? त्यांनी रॅपची नक्कल केली नाही. आपल्या लोकांचे गाणे जसे होते तसे आणले, आणि तरुणांनी त्याला आपला ठेका दिला.

त्या वर्षीच्या ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री तोड सुरू झाली. सर्वोच्च न्यायालयाने ७ तारखेला ती थांबवीपर्यंत दोन हजारांवर झाडे पडली होती. गाण्याने झाडे वाचली असे म्हणणे खोटे ठरेल. पण आरेत माणसे राहतात, आणि त्यांना भाषा आहे, हे असंख्य मुंबईकरांना त्या गाण्यामुळे प्रथम ठाऊक झाले.

त्या गाण्याचे नाव आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासातून आलेले आहे. १९४५ च्या जानेवारीत महाराष्ट्र किसान सभेचे पहिले अधिवेशन टिटवाळ्यास भरले. आसनगावहून कल्याणकडे निघाले की तिसरे स्टेशन टिटवाळा. शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या खटपटीने तेथे उंबरगावकडचे काही वारली आले होते. त्यांतला माह्या धांगडा व्यासपीठावर उभा राहिला आणि वेठबिगारीत पिचणाऱ्या आपल्या लोकांची स्थिती त्याने सभेपुढे मांडली. हजारोंच्या सभेत वारल्याने बोलावे ही तेव्हा अपूर्व गोष्ट होती. त्याच वर्षी वारल्यांचा उठाव झाला आणि ऑक्टोबरात तलवाड्याजवळ गोळीबारात पाच आदिवासी बळी पडले. माह्या धांगड्यापाशी ध्वनिक्षेपक नवा होता, प्रकाश भोईरांपाशी रॅपचा ठेका नवा होता. दोघांनी सांगितले ते मात्र स्वतःचेच होते. बाजारात नवख्याचे भांडवल असते ते हेच.

आता आपल्या तालुक्यांकडे पाहू. भांडवल कमी आहे काय? येथे कुणबी, आगरी, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांच्या वेगवेगळ्या बोली आहेत. गौरीची गाणी आहेत, लग्नातले धवळे आहेत, ढोलावरचे नाच आहेत. पौष पौर्णिमेला म्हशाच्या यात्रेत जनावरांचा बाजार भरतो तसे तमाशाचे तंबूही पडतात. माळशेज चढून गेले की जुन्नर तालुक्यात नारायणगाव. तेथे फडमालक राहुट्या टाकून बसतात आणि गावकारभारी जत्रेची सुपारी द्यायला जातात. गाण्याचा बाजार म्हणजे काय, हे मुरबाडच्या माणसाला मुंबईने शिकवावयाची गरज नाही.

कोणी म्हणेल, रॅप परदेशी आहे. तबकडीही परदेशीच होती, आणि बाजाची पेटीसुद्धा. कलगीवाले आणि तुरेवाले रात्र रात्र समोरासमोर बसून एकमेकांना कवनांतून कोडी घालीत, तेव्हा ते काय करीत होते? ब्रॉन्क्सच्या पोरांनी पुढे चौकात उभे राहून जे केले त्याचीच ही थोरली बहीण. दुसरा आक्षेप अश्लीलतेचा. तो पुष्कळदा खरा आहे. शिव्या म्हणजे धीटपणा असे मानणारी गाणी आहेत आणि ती टिकणार नाहीत. पण तमाशावरही हाच आक्षेप होता. स्वातंत्र्यानंतर लगेच मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली, आणि ती उठवावी लागली. गाळसाळ करायची ती ऐकणाऱ्यांनी. दार बंद करून काही साधत नाही.

तेव्हा आम्हांस काळजी आहे ती दुसऱ्याच गोष्टीची. आत शिरणे आता सोपे झाले आहे. फोन आहे, ध्वनिमुद्रणाची साधने फुकट मिळतात, तयार ठेका, ज्याला मुले बीट म्हणतात, तोही इंटरनेटवर मिळतो. पण फुकट मिळालेल्या ठेक्यावर पैसे मिळवायला गेले, की त्याचा मालक हक्क सांगतो; पुष्कळदा फुकटपणा केवळ सरावापुरता असतो. कोणी गाणे काढून देतो म्हणतो आणि एका कागदावर सही घेतो. तो कागद इंग्रजीत असतो. आनंदाच्या भरात पोरगा सही करतो, आणि कॅझची वही पुन्हा एकदा परक्या हाती जाते.

१९५७ चा कॉपीराइट कायदा आपल्याकडे आहे. त्यात २०१२ साली मोठी दुरुस्ती झाली. तिच्यानुसार चित्रपटात किंवा ध्वनिमुद्रणात गाणे वापरले गेले, तर चित्रपटगृहातील प्रदर्शन सोडून इतर वापरांच्या स्वामित्वधनात गीतकार आणि संगीतकार यांचा समान वाटा राहतो. तो वाटा वारसांना किंवा हक्क सांभाळणाऱ्या संस्थेलाच देता येतो. इतरांस देऊन टाकता येत नाही, आणि तसा करार केला तरी तो चालत नाही. गीतकार-संगीतकारांची अशी संस्था मुंबईत १९६९ पासून आहे. लेखकाच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे हक्क चालतो. बापूरावांना हा कायदा लाभला नाही. आपल्या पोरांना तो लाभला आहे, पण माहीत नाही. आमच्या मते येथल्या महाविद्यालयांनी आणि वाचनालयांनी वर्षातून एक दिवस या कायद्याला द्यावा. सही करण्यापूर्वी कागद घरी आणावा, चार जाणत्यांना दाखवावा, आणि लिहिलेल्या प्रत्येक गाण्याखाली नाव व तारीख घालावी, एवढे जरी शिकवले तरी पुष्कळ झाले.

लोकगीतांचा प्रश्न याहून अवघड आहे. धवळ्याला कोणी एक कवी नाही, म्हणून कायद्याच्या नजरेने त्याला मालकही नाही. शहरातला कोणीही येऊन तो उचलू शकतो. येथे कायदा हात टेकतो, तेव्हा आपली जुनी रीत कामी यावी. ज्या बाईने गाणे सांगितले तिचे नाव, तिच्या पाड्याचे नाव, हे आपल्या पोरांनी तरी गाण्यात उच्चारावे. भोईरांचे नाव त्या गाण्याबरोबर लागले आहे, म्हणून तर आज ते आपण घेऊ शकलो.

शेवटी एक घरचे उदाहरण सांगून थांबतो. १८९२ साली तानसा धरण झाले. पुढे मोडकसागर झाला, भातसा झाले. शहापूर तालुक्यातले पाणी नळांतून मुंबईस जाते, आणि चैत्र-वैशाखात याच तालुक्यातले पाडे टँकरची वाट पाहतात. मुंबईने पाणी प्यावे, त्याला आमची ना नाही. पण ज्यांच्या शिवारातून ते गेले त्यांचे नाव त्या नळावर नाही, आणि त्यांचा हंडाही भरलेला नाही. येथले गाणेही आता त्याच वाटेने निघाले आहे. ते मुंबईला जाणार, आणि जावेच. जाताना त्यावर नाव आपले असावे आणि परतीचा पैसा आपल्या पाड्यावर यावा, एवढी तजवीज मात्र या वेळी आधीच केली पाहिजे. लोकलमध्ये पुटपुटणाऱ्या मुलाला ‘कोण घेणार तुला?’ असे विचारण्याऐवजी आपण विचारावे, ‘वही कुठे ठेवली आहेस?’